दीडशेच्या अलीकडे

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या मुलांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल, तर एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची चाळणी परीक्षा, पास व्हावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेतं, जूनच्या आणि डिसेंबरच्या सत्रात. एका दिवसात दोन पेपर, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. ३०० पैकी १५० आले की पास, १४९ आले की नापास. जून २०२५च्या परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरातली वीससुद्धा पास झाली नाहीत, आणि त्याआधीच्या बऱ्याच वर्षांचं चित्रही फार वेगळं नाही.

निकाल लागला की दोन दिवस बातम्या येतात. टक्केवारीचे मथळे लागतात, कुठल्या देशातून आलेली मुलं किती पडली याचे तक्ते छापले जातात. नीटला मार्क पडले नाहीत म्हणून बाहेर गेले, तिथे काय दिवे लावले, असं चारचौघांत बोललं जातं. मग विषय संपतो. पण उरलेली ती ऐंशी मुलं पुढच्या सहा महिन्यांत कुठे असतात, काय करतात, कुणाकडून शिकतात, हा प्रश्न विचारलेला मी फारसा ऐकला नाही. मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. गेली काही वर्षं अशी तीन-चार मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात, म्हणून हा प्रश्न माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. १५० ची रेषा आहे तिथेच राहिली पाहिजे, एक गुणही खाली येता कामा नये. पण त्या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाला आपण नेमके कशात कमी पडलो हे कळण्याचा हक्क आहे. आणि पुढच्या अटेम्प्टपर्यंत पेशंटच्या जवळ, कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकत राहायला त्याला अधिकृत जागा मिळाली पाहिजे. आज त्याला यातलं काहीच मिळत नाही.

रेषेबद्दल आधी, कारण तिच्याविषयी दर निकालानंतर गळा काढला जातो. २००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १५ मार्च २००२ पासून परदेशी पदवीधरांना ही चाळणी लागू झाली. कारण साधं होतं: कुठल्या देशात, कुठल्या कॉलेजात काय शिकवलं जातं हे इथे बसून तपासणं शक्य नाही, तेव्हा आलेल्या डॉक्टरलाच तपासायचं. त्यात गैर काहीच नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जाणाऱ्या आपल्या डॉक्टरांनाही तिथली परीक्षा द्यावीच लागते. पेपर फार अवघड असतो, मुद्दाम पाडतात, अशी तक्रार ऐकू येते. मुलांबरोबर बसून मी शेकडो प्रश्न सोडवले आहेत आणि मला ती तक्रार पटत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर पहिलं काय करायचं, हगवणीने सुकलेल्या मुलाला किती तासांत किती सलाइन द्यायचं, नऊ महिन्यांच्या बाळाला कुठल्या लसी द्यायच्या, अशा गोष्टी त्यात विचारल्या जातात. काही प्रश्न आडवळणी असतात, काही निव्वळ पाठांतराचे असतात, हे मान्य. पण त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नसतील, तर त्या मुलाने रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने उभं राहू नये. खेड्यात डॉक्टर नाहीत म्हणून रेषा खाली आणा, असं म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. खेड्यातल्या माणसाने कमी शिकलेला डॉक्टर का पत्करावा?

आता नापास झालेल्याच्या हातात काय पडतं ते बघा. एक स्कोअरकार्ड: ३०० पैकी १३८, नापास. एवढंच. प्रश्नपत्रिका मिळत नाही, उत्तरतालिका मिळत नाही, फेरतपासणी नाही. पेपरमधले प्रश्न बाहेर सांगणार नाही, अशी हमी प्रत्येक उमेदवाराने आधीच दिलेली असते. त्यामुळे परीक्षेच्या रात्री मुलं टेलिग्रामवर आठवतील तसे प्रश्न टाकतात, त्याला रीकॉल म्हणतात, आणि चुकीच्या आठवणीवरून काढलेल्या चुकीच्या उत्तरांचा अभ्यास पुढच्या परीक्षेसाठी सुरू होतो. प्रश्न गुप्त ठेवण्यामागचा विचार मला समजतो. चांगले प्रश्न तयार करायला कष्ट पडतात आणि ते पुन्हा वापरायचे असतात. पण विषयवार गुण सांगितल्याने कुठला प्रश्न फुटणार आहे?

या परीक्षेत ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीला प्रत्येकी १७ गुण आहेत. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राला ३० आणि मुलं ज्याला पीएसएम म्हणतात त्या सामाजिक वैद्यकशास्त्राला ३०. म्हणजे शेवटच्या चार विषयांतच १२५ गुण आहेत. एका मुलाला १४६ पडले आणि एकाला ९२. दोघांच्या कार्डावर शेरा एकच आहे. १४६ वाल्याची बैठक पक्की असू शकते. एखाद्या विषयाकडे त्याने काणाडोळा केला असेल, किंवा दुपारच्या पेपरला तो थकला असेल. ९२ वाल्याचा पायाच कच्चा आहे, त्याला पहिल्या वर्षापासून पुन्हा शिकायला हवं. दोघांना लागणारं औषध वेगळं आहे आणि आपण दोघांच्या हातात एकच कागद देतो. शाळेतल्या सातवीच्या मुलालासुद्धा गणितात किती आणि इतिहासात किती ते कळतं.

मंडळाकडे ही माहिती नाही, असंही नाही. कुठल्या देशातल्या, कुठल्या संस्थेतली किती मुलं बसली आणि किती पास झाली, याची आकडेवारी मंडळ स्वतः प्रसिद्ध करत आलं आहे. ते चांगलंच आहे, मुलाला बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक पालकाने ती बघावी. पण संस्थेचं प्रगतिपुस्तक जगाला दिसतं आणि परीक्षा दिलेल्या मुलाला स्वतःचं दिसत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. अमेरिकेच्या यूएसएमएलई परीक्षेत नापास झालेल्याला कुठल्या भागात तो कमी पडला याचा अहवाल मिळतो. तिथे अटेम्प्टवर कडक मर्यादा आहे, एका टप्प्यासाठी चारच. इंग्लंडच्या प्लॅबमध्येही चार, आणि त्यानंतर शेवटची संधी हवी असेल तर मधल्या काळात आपण काय नवीन शिकलो याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे त्या व्यवस्था आपल्याहून मऊ नाहीत, काही बाबतींत जास्तच कठोर आहेत. पण पडलेल्याला का पडलास ते सांगायचं आणि पुढच्या वेळी काय करून आलास ते विचारायचं, एवढी जबाबदारी त्या घेतात.

कागदावरच्या माहितीपेक्षा मोठी अडचण आहे जागेची. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या मुलाशी तुलना करून बघू. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या वर्षाला नापास झालेला मुलगा काही जगावेगळा नसतो. त्यालाही मर्यादा आहेत: पहिल्या वर्षासाठी चार अटेम्प्ट, सगळा एमबीबीएस नऊ वर्षांच्या आत. पण नापास झाल्यावरही त्याची हॉस्टेलची खोली तिथेच असते. लायब्ररी असते, पुरवणी परीक्षा असते, आणि वरच्या वर्षाचा एखादा मुलगा मेसमध्ये शेजारी बसून सांगतो की मीपण फिजिओलॉजीत उडालो होतो, अमक्या सरांना जाऊन भेट. तो विद्यार्थी असतो आणि विद्यार्थीच राहतो.

परदेशातून आलेला मुलगा विद्यार्थी उरलेला नसतो, डॉक्टर झालेला नसतो. त्याच्या विद्यापीठाने पदवी देऊन हात झटकलेले असतात. ज्या एजंटने पॅकेज विकलं त्याचा फोन लागत नाही. इथल्या मेडिकल कॉलेजशी त्याचा काही संबंध नाही, वॉर्डात पाऊल टाकायला त्याच्याकडे कुठलंही ओळखपत्र नाही. दिल्लीत गौतमनगरला खोली घेऊन राहायचं आणि क्लासला जायचं, किंवा गावी एका खोलीत ॲपवर व्हिडिओ बघत बसायचं, एवढेच दोन रस्ते त्याच्यापुढे असतात. ज्या शास्त्राचा विषय आजारी माणूस आहे, ते शास्त्र तो सहा-सहा महिने, कधी तीन-तीन वर्षं, आजारी माणूस न बघता शिकत राहतो.

याचा परिणाम काय होतो ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. मराठवाड्यातली एक मुलगी, किरगिझस्तानातून शिकून आलेली, माझ्याकडे येत होती. ती फक्त बघायला यायची. पेशंटला हात लावायचा नाही, कागदावर औषध लिहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. पावसाळ्यात एका पहाटे शेतमजूर बाई आली. पोटात कळ, दोनदा उलटी. ही मुलगी म्हणाली, पित्त असेल, किंवा स्वादुपिंडाची सूज. थोड्या वेळाने बाईच्या पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं घोगरं झालं. मुलगी गोंधळली. मज्जातंतूंच्या आजारांची दोन-तीन मोठाली नावं तिने घेतली, आणि पुस्तकाच्या हिशेबाने ती चूक नव्हती. तेवढ्यात सिस्टर बाईजवळ गेल्या आणि त्यांनी एकच विचारलं, “मावशी, रात्री कुठं निजला होता?”

“भुईवर, गोधडी टाकून.”

मण्यार. तिच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, सूज नाही, दुखणं नाही. माणूस झोपेतून पोटदुखीने उठतो आणि काही तासांत श्वास घ्यायचे स्नायू लुळे पडतात. आम्ही सर्पविषावरची लस सुरू केली आणि अँब्यू बॅगने श्वास देत बाईला जिल्ह्याला पाठवलं. बाई वाचली. मुलगी संध्याकाळी म्हणाली, “सर, मण्यारवरचा प्रश्न माझ्या सरावाच्या प्रश्नसंचात आहे, मी तो तीनदा बरोबर सोडवलाय.” तिचं खरं होतं. प्रश्नात “जमिनीवर झोपलेला शेतकरी” असं लिहिलेलंच असतं. समोरच्या बाईच्या कपाळावर ते लिहिलेलं नव्हतं.

तिच्या कॉलेजच्या शहरात मण्यार नाही. तिथे डेंग्यूचा वॉर्ड नाही, फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी नाही, लाल विंचू चावून घामाघूम झालेलं पोर नाही. शिवाय तास इंग्रजीत आणि पेशंट स्थानिक भाषेत बोलणारे, त्यामुळे त्यांना चार प्रश्न विचारून त्रास समजून घ्यायची सवयही अनेकांना लागत नाही. आणि आपल्या मातीतलं वैद्यकशास्त्र पुष्कळसं खाटेजवळच घडलेलं आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात काम करताना, पेशंट दगावताना बघून, शोधून काढलं आणि जगापुढे मांडलं. ते उत्तर आज परीक्षेतल्या प्रश्नाच्या चार पर्यायांत बसलेलं असतं. ज्याने असं पोर कधी बघितलेलं नाही त्याला ते पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या खोलीत निसटतं. मला तरी या नापासांच्या मोठ्या आकड्यामागचं हे एक मोठं कारण दिसतं.

जागा नसण्याचा दुसरा परिणाम जास्त धोक्याचा आहे. घरचं कर्ज, बँकेचा हप्ता, विकलेली जमीन, आणि लग्नाचं वय. दोन-तीन अटेम्प्ट झाले की मुलगा कुठल्या तरी खासगी हॉस्पिटलात रात्रपाळीला “आरएमओ”, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून उभा राहतो. नोंदणी नाही, सही दुसऱ्याच्या नावाची. हॉस्पिटलला स्वस्तात माणूस मिळतो, मुलाला दहा-पंधरा हजार मिळतात आणि पेशंटला आपल्यासमोर कोण उभं आहे हे कळत नाही. याच्याही पुढची पायरी डिसेंबर २०२२ मध्ये देशाने बघितली. एफएमजीई पास न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयने ७३ परदेशी पदवीधरांवर आणि १४ राज्यांच्या वैद्यकीय परिषदांवर गुन्हा दाखल केला आणि देशभर ९१ ठिकाणी छापे घातले. असं करणाऱ्यांना शिक्षा व्हावी, त्यात दयामाया नको. पण हजारो मुलांना आपण एका बंद दारासमोर नुसतं उभं करून ठेवतो, तेव्हा त्यातली काही खिडकी शोधणार, हे व्यवस्थेने ओळखून असायला हवं.

घरात काय होतं, तेही बोललं पाहिजे. गावात मुलगा “डॉक्टर होऊन आला” म्हणून सत्कार झालेला असतो, चौकात बॅनर लागलेला असतो. आता त्याला बाहेर पडायची चोरी होते. “झालं का क्लीअर?” आणि “कितवा अटेम्प्ट?” हे दोन प्रश्न टाळण्यासाठी मुलं लग्नाला जात नाहीत, दिवाळीला घरी येत नाहीत. काही जण घरच्यांना निकालच सांगत नाहीत, पुढच्या परीक्षेचा फॉर्म मित्राकडून पैसे घेऊन भरतात. झोप उडते, जेवण तुटतं. एका मुलाच्या वडिलांना मी बोलावून सांगितलं होतं की त्याला सहा महिने गुणांबद्दल काही विचारू नका, तो जेवला का आणि झोपला का तेवढं बघा. असा मुलगा कुणाच्या घरात असेल आणि तो फारच गप्प झाला असेल, तर १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेल्या माणसाला मदत मागायला सगळ्यात जास्त संकोच होतो, म्हणून घरच्यांनीच तो क्रमांक लावावा.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दलही एक सांगतो, कारण इथे सगळा दोष व्यवस्थेवर ढकलता येत नाही. निकाल लागला की बहुतेक मुलं काय करतात? दीड-दोन महिने दुःखात जातात. मग नव्या ॲपचं सबस्क्रिप्शन घेतात आणि ॲनाटॉमीच्या पहिल्या व्हिडिओपासून सुरुवात करतात. डिसेंबर येईपर्यंत मेडिसिन अर्धं झालेलं असतं आणि पीएसएमला हातच लागत नाही. पुढच्या वेळी पुन्हा ॲनाटॉमी. मी अशी मुलं बघितली आहेत ज्यांना काखेतल्या मज्जातंतूंचं जाळं झोपेत काढता येतं, पण क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कुठलं औषध किती महिने द्यायचं ते सांगता येत नाही. पीएसएम कंटाळवाणं वाटतं हे खरं, पण ते ३० गुण आहेत आणि तो सगळा भारताचा अभ्यास आहे: लसीकरणाचं वेळापत्रक, माता-बाल आरोग्याच्या योजना, पाण्याची तपासणी. यातलं काही बिश्केकला किंवा मनिलाला शिकवलं जाणार नाही. दुसऱ्या अटेम्प्टची सुरुवात तिथून करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आणि नुसतं बघण्या-वाचण्यावर विसंबू नका, हे दुसरं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघताना सगळं येतंय असं वाटतं, ते या पहिल्या पाच मिनिटांसारखं असतं. माझ्याकडे मुलं पाठकोरा कागद घेऊन बसतात आणि काल वाचलेलं आज लिहून काढतात, मग पुस्तक उघडतात. पहिले पंधरा दिवस त्यांना रडू येतं, कारण कागद रिकामा राहतो. तरीही मी तो कागद सोडू देत नाही.

पण हे सगळं त्यांनी कुणातरी ओळखीच्या डॉक्टरच्या मर्जीवर का मिळवावं? ज्याच्या नात्यात, गावात डॉक्टर आहे त्याला वॉर्डात उभं राहता येतं, बाकीच्यांना नाही. मुळात परदेशी गेलेल्यांत अनेक जण घरातले पहिलेच शिकलेले असतात, त्यांची कुठून ओळख असणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. ही मुलं स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या निर्णयाने गेली. देशातल्या सरकारी कॉलेजातली सीट मिळवायला दोन-दोन वर्षं घासणाऱ्या मुलाने काय पाप केलं, की करदात्यांचा पैसा आणि सरकारी हॉस्पिटलची जागा यांच्यावर खर्च करायची? यातल्या निम्म्याशी मी सहमत आहे. फी माफी नको, स्टायपेंड नको, वाढीव गुण तर अजिबात नकोत. पण आज पडलेल्यांतली बरीच मुलं पुढच्या कुठल्या तरी अटेम्प्टला पास होणार आहेत. त्यानंतर ती इंटर्नशिप करून आपल्याच आई-वडिलांना, आपल्याच पोरांना तपासणार आहेत. तेव्हा ती मधली वर्षं त्यांनी बंद खोलीत काढली होती की वॉर्डात, याने पेशंटला फरक पडतो. मी हे मागतो आहे ते सर्वांत आधी पेशंटसाठी. आणि मुलांसाठीही, हे लपवायचं मला कारण नाही. चोविशी-पंचविशीतल्या पोरांनी एका आकड्यामुळे तोंड लपवून जगावं, हे मला बघवत नाही.

मागणं फार मोठं नाही. परीक्षा मंडळाने प्रत्येक नापास उमेदवाराला विषयगटांप्रमाणे गुण कळवावेत. प्रश्न एकही उघड करू नये. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने आणि आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांत सहा महिन्यांच्या निरीक्षक जागा ठेवाव्यात. जिल्ह्यामागे दहा-पंधरा जागा ठेवल्या तरी सुरुवातीला पुरतील. निरीक्षकाला वेगळ्या रंगाचं ओळखपत्र द्यावं, म्हणजे पेशंटलाही कळेल. औषध लिहायची, टोचायची परवानगी नसावी. रोज एका पेशंटची हकीकत त्याने स्वतः विचारून लिहावी आणि आठवड्यातून एकदा वरिष्ठ डॉक्टरने ती तपासून सही करावी. खोटी सही केली तर त्या डॉक्टरवर कारवाई व्हावी. जो निरीक्षक या काळात बाहेर कुठे चोरून प्रॅक्टिस करताना सापडेल, त्याची जागा जावी आणि परीक्षा मंडळाला तसं कळवलं जावं. जिल्ह्याच्या डॉक्टरांवर आधीच ताण आहे हे मला माहीत आहे, माझे वर्गमित्र तिथे काम करतात. पण हकीकत नीट लिहिणारा, पेशंटशी मराठीत धीराने बोलणारा एक माणूस वॉर्डात असणं हा नुसता भारच ठरेल असं मला वाटत नाही. माझ्या अनुभवात तरी तो ठरला नाही.

हा प्रश्न फक्त परदेशातून आलेल्यांचा राहणार नाही. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात नेक्स्ट नावाची एकच परीक्षा ठरवलेली आहे. देशातल्या एमबीबीएसच्या मुलांना आणि परदेशातून आलेल्यांना, दोघांनाही परवान्यासाठी तीच द्यावी लागेल. ती वारंवार पुढे ढकलली गेली, पण कायद्यातून गेलेली नाही. ज्या वर्षी ती सुरू होईल त्या वर्षी नापास झालेल्यांच्या यादीत लातूर, अकोला, मिरजेच्या सरकारी कॉलेजांतली मुलंही असतील. शेवटचं वर्ष संपलेलं, हॉस्टेल सोडलेलं, परवाना नाही. त्यांचे पालक तेव्हा विचारतील की आता यांनी सहा महिने कुठे शिकायचं, आणि त्या दिवशी समित्या नेमत बसायला वेळ नसेल. जिल्हा रुग्णालयांतली निरीक्षकाची व्यवस्था परदेशातून आलेल्या मुलांसाठी आत्ता सुरू केली, तर तोपर्यंत तिच्यातल्या उणिवाही कळलेल्या असतील आणि दुरुस्तही झालेल्या असतील.